घरच्या रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटरच्या आतलं साउंड कार्ड कसं निवडायचं

रात्री साडेअकरा वाजता, रस्त्यावरची रहदारी थांबल्यावर, मी आणि माझी धाकटी बहीण एक अभंग रेकॉर्ड करायला बसलो होतो. पट्टी काळी चार. मोबाइलवरचा तानपुरा तिच्या एका कानात, समोर एक साधा डायनॅमिक माइक, आणि माइकची वायर कन्व्हर्टर पिन लावून थेट कॉम्प्युटरच्या मागच्या गुलाबी जॅकमध्ये. ती मनापासून गायली. शेवटचा षड्ज तिने लांब धरला, तो विरत असताना मी रेकॉर्डिंग बंद करायला माउस हलवला. नंतर ऐकताना नेमकं तिथेच, त्या षड्जाच्या खाली, 'किर्रर्र' असा बारीक आवाज सापडला. माउस जेवढा वेळ हलला तेवढाच वेळ. बाकी गाण्यामागेही सतत एक 'सूंऽऽ' होतं, आणि तिचा गळा पत्र्याच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी साउंड कार्ड शोधायला लागलो. तेव्हा जे माहीत नव्हतं ते इथे क्रमाने सांगतो. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. कार्डाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत जे छापलेलं असतं, ते जवळजवळ सगळं आवाज बाहेर कसा वाजतो याबद्दल असतं. आपल्याला आवाज आत घ्यायचा आहे. म्हणून प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत राहायचा: आत येणाऱ्या आवाजाचं हे कार्ड काय करणार?

पायरी १: आधी जे आहे ते नीट ऐकून बघा

आजच्या प्रत्येक मदरबोर्डवर आवाजाची एक छोटी चिप असतेच, बहुतेक वेळा रिअलटेकची. इंटेलने २००४ मध्ये 'एचडी ऑडिओ' नावाचं मानक आणलं, तेव्हापासून या चिपा पूर्वीपेक्षा बऱ्याच सुधारल्या. गाणी ऐकायला, मीटिंगला, सुचलेली चाल विसरू नये म्हणून पटकन टिपून ठेवायला त्या पुरतात. अडचण येते ती जागेची आणि माइकच्या जॅकची. चिप ज्या बोर्डावर बसलेली असते त्याच बोर्डावरून ग्राफिक्स कार्डाची, यूएसबीची, माउस-कीबोर्डची वीज धावत असते, आणि त्या धावपळीचा काही अंश आवाजात उतरतो. माझ्या षड्जाखालची किर्रर्र तिथूनच आली होती.

गुलाबी जॅकची गोष्ट वेगळी. तो कॉलर माइक किंवा हेडसेटच्या छोट्या माइकसाठी असतो; अशा माइकला लागणारी थोडीशी वीज तो स्वतःच पुरवतो. स्टेजवर वापरतात तो डायनॅमिक माइक मात्र गाताना एखाद-दोन मिलिव्होल्ट एवढाच सिग्नल देतो. तो वापरण्याजोगा व्हायला शेकडो पटींनी वाढवावा लागतो, आणि गुलाबी जॅकमागचा अ‍ॅम्प्लिफायर ते वाढवताना स्वतःची 'सूंऽऽ' त्याच्याबरोबर वाढवतो.

म्हणून एक प्रयोग आधी करा. भजनी मंडळाचा, शाळेचा, मित्राचा, कुणाचाही छोटा मिक्सर एक दिवस मागून आणा. माइक मिक्सरला लावा, मिक्सरचं आउटपुट कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या जॅकला, म्हणजे लाइन-इनला द्या. कॅबिनेटच्या पुढचे जॅक टाळा, कारण तिथली वायर सगळ्या कॅबिनेटमधून, अनेकदा ग्राफिक्स कार्डाला घासून जाते. आता पंखा बंद करा, गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते बटण, गाण्याच्या वेळी ठेवाल तेवढ्यावरच ठेवा आणि एक मिनिट काहीही न बोलता रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधलं आवाजाचं मीटर उणे ६० डेसिबलच्या खाली राहिलं तर तुमचं आहे ते कार्ड बरं आहे, घाई करू नका. उणे ४५ च्या आसपास हलत असेल, तर आलापातल्या हलक्या जागा आणि तानपुऱ्याची आस त्या गोंगाटात बुडणार. तेव्हा पुढे वाचा.

पायरी २: कार्ड आतलंच हवं का?

लॅपटॉप असेल तर हा प्रश्नच संपला; आत बसवायला जागा नाही, बाहेरून यूएसबीवर जोडायचा ऑडिओ इंटरफेस घ्या. डेस्कटॉप आहे पण एकच माइक लावून एकट्यानेच गायचं आहे, घरात दुसरं काही साहित्य नाही, तरीही मी इंटरफेसच सुचवेन. त्यात माइकचा सिग्नल वाढवणारा प्रीअ‍ॅम्प, काही माइकना लागणारी वीज देणारी फँटम पॉवर, हेडफोनचा जॅक आणि आवाजाचं बटण हे सगळं एकाच डबीत मिळतं.

मग आतलं कार्ड कुणी घ्यावं? ज्याचा डेस्कटॉप एका जागी ठाम बसलेला आहे. ज्याच्याकडे चांगला मिक्सर किंवा वेगळा प्रीअ‍ॅम्प आधीच आहे. ज्याला तबला, पेटी, गळा असं सगळं एकदम पण वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचं आहे आणि त्यासाठी जुनं पण दर्जेदार कार्ड माफक किमतीत मिळतंय. अशांना आतलं कार्ड फार समाधान देतं. एकदा बसवलं, वायरी लावल्या, की वर्षानुवर्षं त्याला हात लावावा लागत नाही. टेबलावर पसारा नाही, सैल झालेली यूएसबीची पिन ऐन गाण्यात निसटत नाही.

पायरी ३: कॅबिनेट उघडून स्लॉट बघा

ही पायरी मी गाळली आणि त्याची किंमत मोजली. एका विक्रेत्याकडून वापरलेलं एक नावाजलेलं कार्ड घेतलं, घरी आलो, कॅबिनेट उघडलं, आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्या कुठल्याच स्लॉटमध्ये बसेनात. कार्ड पीसीआयचं, माझ्या बोर्डावर फक्त पीसीआय एक्सप्रेस. विक्रेत्याने विचारलं नाही, मलाही विचारायचं सुचलं नाही. आठ महिने ते कार्ड कपाटात पडून होतं; शेवटी जुनी मशीन सांभाळून असलेल्या एका मित्राला देऊन टाकलं. तो आजही त्यावर पखवाज रेकॉर्ड करतो.

फरक असा. पीसीआय हा १९९० च्या दशकातला स्लॉट. लांबट, बहुधा पांढरा. पीसीआय एक्सप्रेस २००३ च्या सुमारास आला. दोघांची नावं सारखी असली तरी कार्डं एकमेकांत बसत नाहीत, ढकलून तर मुळीच बसवू नका. नव्या मदरबोर्डांवर जुना पीसीआय स्लॉट आता क्वचितच असतो. पीसीआय एक्सप्रेसचं साउंड कार्ड बहुतेक 'एक्स १' मापाचं, म्हणजे अगदी आखूड असतं. ते मोठ्या 'एक्स १६' स्लॉटमध्येही चालतं, त्यामुळे छोटा स्लॉट रिकामा नसेल तरी मोठा बघा.

आणखी दोन गोष्टी डोळ्यांनीच बघाव्या लागतात. जाड ग्राफिक्स कार्डाखाली शेजारचा स्लॉट झाकला जातो. कागदावर तीन स्लॉट असले तरी हाताशी एकच उरतो. आणि ऑफिसातून निघालेल्या बुटक्या, अरुंद कॅबिनेटमध्ये कार्डाची पूर्ण उंचीची लोखंडी पट्टी मावत नाही. मशीन बंद करा, झाकण काढा, मोबाइलने दोन फोटो काढा, आणि दुकानात जाताना ते बरोबर न्या. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत काउंटरवरचा माणूस तो फोटो बघून अर्ध्या मिनिटात सांगेल.

पायरी ४: एका वेळी किती आवाज आत घ्यायचे ते मोजा

नव्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. खोक्यावर '७.१ चॅनल' असतं, आणि आपण समजतो की आठ माइक लागतील. ते आठ चॅनल बाहेर जाणारे, सिनेमा बघताना चहूबाजूंनी स्पीकर लावायचे. त्याच कार्डाला आत येणारी वाट बहुतेक वेळा एकच स्टिरिओ जोडी असते, म्हणजे दोनच आवाज. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात 'इनपुट' हा शब्द शोधा आणि त्यापुढचा आकडा बघा.

आता स्वतःची गरज मांडा. एकटा गळा: एक इनपुट. गळा आणि पेटी: दोन. त्यात तबला आला की तबल्याला एक आणि डग्ग्याला एक, एकूण चार. सतारीला एक माइक बास होतो. गिटारवाला पिकअप आणि माइक दोन्ही घ्यायचं म्हणाला तर दोन. स्वतःचेच ट्रॅक एकावर एक चढवणाऱ्याला, म्हणजे आधी तानपुरा, मग पेटी, मग गळा, दोन इनपुट आयुष्यभर पुरतात. पण आपलं संगीत समोरासमोर बसून होतं. तबलजी गायकाच्या श्वासाकडे बघून तिहाई उचलतो, पेटीवाला मागून हरकत भरतो. ते वेगवेगळ्या दिवशी घेतलं की त्यातला जीव जातो असं माझं मत आहे, म्हणून मैफलीसारखं रेकॉर्ड करायचं मनात असेल तर चारापासूनच सुरुवात करा.

'मिक्सरला आठ माइक लावतो आणि त्याचं आउटपुट कार्डाला देतो' असं कुणी म्हणेल. जरूर चालतं, पण कार्डात पोचतात ते दोनच चॅनल, आणि मिक्सरवर तेव्हा जे प्रमाण ठेवलं ते कायमचं. पेटी मोठी आली तर ती नंतर एकटी खाली आणता येत नाही. पेटी बहुतेक वेळा मोठी येतेच.

इनपुट कमी पडले म्हणून दोन कार्डं एकदम लावायचा मोहही टाळा. प्रत्येक कार्डाचं स्वतःचं घड्याळ असतं आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखात पन्नास एवढा नगण्य फरक असला तरी मिनिटाला ३ मिलिसेकंद घसरतात. वीस मिनिटांचा बडा ख्याल संपेपर्यंत ते ६० मिलिसेकंद होतात, आणि तबला व गळा उघड वेगळे पडतात. दोन कार्डं एकाच घड्याळावर चालवायची सोय काही महागड्या कार्डांत असते, ती नसेल तर एकच पुरेसं मोठं कार्ड घ्या.

पायरी ५: पिना आणि पातळी

आवाजाच्या सिग्नलच्या तीन पातळ्या लक्षात ठेवा. माइकची सगळ्यात नाजूक. गिटारच्या पिकअपची त्याहून मोठी, पण तिला समोरून फार वरचा, साधारण १० लाख ओहमचा रोध लागतो. नाहीतर तिचा झगझगीत भाग मरतो आणि तारा कापसात गुंडाळल्यासारख्या वाजतात. तिसरी लाइनची, म्हणजे मिक्सर, कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तानपुरा यांच्या आउटपुटची. लाइनमध्येही दोन घराणी आहेत: घरगुती वस्तूंची सुमारे ०.३ व्होल्टची आणि स्टुडिओतल्या वस्तूंची सुमारे १.२ व्होल्टची. बऱ्या कार्डाच्या सेटिंगमध्ये या दोन्हींत निवड करता येते. चुकीची निवडली की आवाज एकतर फाटतो, नाहीतर पार दबतो.

रेकॉर्डिंगसाठी केलेली बहुतेक आतली कार्डं फक्त लाइन घेतात. त्यात माइक लावायची जागाच नसते, आणि तो दोष समजू नका. नाजूक सिग्नल वाढवायचं काम कॅबिनेटच्या गोंगाटाबाहेर झालेलंच बरं. म्हणजे खर्च मांडताना कार्डाबरोबर प्रीअ‍ॅम्प किंवा छोटा मिक्सरही धरायचा. कंडेन्सर माइक, म्हणजे बाहेरून वीज लागणारा माइक, असेल तर त्या प्रीअ‍ॅम्पवर ४८ व्होल्टची फँटम पॉवर आहे ना, हे बघून घ्या.

पिनांबद्दल थोडक्यात. ३.५ मिलिमीटरची हेडफोनची पिन, डीव्हीडी प्लेअरला असते ती आरसीए, आणि दुकानात जिला पी-३८ म्हणतात ती ६.३५ मिलिमीटरची जाड पिन. जाड पिनेवर दोन काळे वळसे असतील आणि कार्डाचा जॅकही 'बॅलन्स्ड' असेल, तर सिग्नल दोन तारांतून सुलटा-उलटा असा जातो आणि वाटेत शिरलेला गोंगाट शेवटी एकमेकांना खोडून टाकतो. वायर तीन-चार मीटर लांब जाणार असेल, शेजारून विजेची वायर जात असेल, तर ही सोय असलेलंच कार्ड निवडा. हाताच्या अंतरावर मिक्सर ठेवणार असाल तर आरसीएवाल्या कार्डातही उत्तम काम होतं.

पायरी ६: आकडे, पण थोडेच

आवाजाचं एकेक माप किती बारकाईने टिपलं जातं, ते बिट सांगतात. २४ बिट हवेच. १६ बिटमध्ये सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबल मिळतं. २४ बिटमध्ये कागदावर १४४, प्रत्यक्षात चांगल्या कार्डात ११० ते १२०. याचा खरा फायदा असा की आवाज काठोकाठ भरावा लागत नाही. तबल्याची अचानक आलेली थाप फाटू नये म्हणून वर भरपूर जागा मोकळी सोडता येते.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मापं (सॅम्पल) घेतली जातात तो आकडा, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ पुरतो. पहिला सीडीचा, दुसरा व्हिडिओचा. गाणं यूट्यूबवर चित्रासह टाकणार असाल तर ४८ ठेवा. १९२ चा आकडा बघून जास्त पैसे मोजू नका. जुन्या गेमिंग कार्डांबाबत एक सावधगिरी मात्र बाळगा. १९९८ चं साउंड ब्लास्टर लाइव्ह त्या काळी घरोघरी होतं, पण त्याची चिप आत सगळा आवाज ४८ किलोहर्ट्झलाच चालवायची आणि ४४.१ चं रेकॉर्डिंग तिच्या स्वतःच्या रूपांतरातून जायचं. जुन्या बाजारात ते अजून दिसतं. स्वस्त म्हणून उचलू नका.

'सिग्नल टू नॉइज १२० डेसिबल' (आवाज आणि गोंगाट यांतलं अंतर) असं लिहिलेलं दिसलं की विचारा, कशाचं? ते बहुधा हेडफोनच्या आउटपुटचं असतं. इनपुटचा आकडा खाली बारीक अक्षरांत, आणि बराच कमी असतो. तोच वाचा.

पायरी ७: ड्रायव्हर

कार्ड कितीही चांगलं असलं तरी तुमच्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, नसेल तर ते कार्ड नुसता हिरवा पत्रा आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं आणि जुने ३२ बिटचे ड्रायव्हर त्यात चालत नाहीत. पैसे देण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या विंडोजचं नाव ड्रायव्हरच्या यादीत आहे का, हे स्वतः बघा. विक्रेत्याच्या 'चालेल' वर जाऊ नका.

दुसरी अट: कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर हवा. बोलताना सगळे 'असिओ' म्हणतात. स्टाइनबर्ग या सॉफ्टवेअर कंपनीने तो १९९७ मध्ये आणला. विंडोजच्या नेहमीच्या वळणावळणाच्या रस्त्याऐवजी तो कार्डापासून रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरपर्यंत थेट रस्ता देतो. 'एएसआयओ फॉर ऑल' नावाचा फुकट ड्रायव्हर कुठल्याही कार्डावर चालतो, पण तो आतून विंडोजच्याच ड्रायव्हरवर बसतो. तात्पुरतं काम भागवायला ठीक.

हा थेट रस्ता का लागतो, ते तबल्यावरून समजून घ्या. कार्ड आवाज थेंबाथेंबाने न देता तांबे भरभरून देतं. त्या तांब्याला बफर म्हणतात. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद. जाताना एक, येताना एक, असे ४६ झाले. आता द्रुत तीनताल घ्या, मिनिटाला २४० मात्रा. एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. तिच्यात 'तिरकिट' वाजवलं तर एकेका अक्षराला जेमतेम ६२. तबलजीच्या कानातल्या हेडफोनमध्ये त्याचाच बोल ४६ मिलिसेकंद उशिरा आला, तर त्याचा हात आणि कान यांत पाऊण अक्षराचं अंतर पडतं. कितीही तयारीचा हात असला तरी सम डळमळणार. बफर १२८ वर आणा, तोच हिशेब जाऊन-येऊन सहा मिलिसेकंदांच्या घरात येतो. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे हे सहा मिलिसेकंद दोन मीटरवर बसलेल्या साथीदारासारखे. मैफलीत आपण तेवढ्या अंतरावर बसतोच.

कार्डाचा आतला आणि सॉफ्टवेअरचा थोडा वेळ यात वाढतो, पण चांगलं आतलं कार्ड १२८ वर तासन्‌तास 'टक्‌' न करता चालतं. त्याहून सुटसुटीत सोय म्हणजे कार्डातच मिक्सर असणं: आत आलेला आवाज सॉफ्टवेअरला वळसा न घालता थेट हेडफोनला जातो. माहितीपत्रकात 'डायरेक्ट मॉनिटरिंग' शोधा.

लिनक्स वापरणाऱ्यांना इथे एक सुख आहे. एन्व्ही २४ चिपवरची जुनी कार्डं, ज्यांना नव्या विंडोजवर कुणी विचारत नाही, लिनक्सच्या कर्नलमध्ये आधीपासून ओळखली जातात, आणि त्यांचा आतला मिक्सर चालवायला छोटा प्रोग्रामही मिळतो.

कोणती कार्डं बघायची

जुन्या पीसीआय स्लॉटची मशीन असेल तर एम-ऑडिओची डेल्टा मालिका शोधा. ऑडिओफाइल २४९६ मध्ये आरसीएचे दोन इनपुट, दोन आउटपुट. डेल्टा ४४ मध्ये चार इनपुट, चार आउटपुट, आणि जॅक एका बाहेरच्या डबीवर. डेल्टा १०१० म्हणजे आठ-आठ. साध्या वस्तू, पण प्रामाणिक आवाजाच्या. घरच्या रेकॉर्डिंगची एक पिढी यांवर तयार झाली. फक्त लिनक्स किंवा जुनं विंडोज ठेवायची तयारी हवी.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये ईएसआय या जर्मन कंपनीची दोन नावं लक्षात ठेवा. माया ४४ ईएक्स मध्ये चार इनपुट, चार आउटपुट. ज्युलिया एक्सटीई मध्ये दोनच इनपुट, पण तिची एक करामत मला फार आवडते: जॅकचा भाग कार्डापासून सुटा होतो, उलटा करून बसवला की आरसीएच्या जागी बॅलन्स्ड जॅक येतात. खूप पुढचं बघायचं असेल तर आरएमईचं एचडीएसपीई एआयओ. किंमत भारी, अ‍ॅनलॉग इनपुट दोनच, पण त्याच्या ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणाऱ्या, जॅकमधून ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनल आत येतात. बाहेर आठ माइकांचा प्रीअ‍ॅम्प जोडला की पूर्ण मैफल एका वायरीतून आत जाते. त्याच्या ड्रायव्हरचं नाव व्यावसायिक स्टुडिओंत आदराने घेतलं जातं.

क्रिएटिव्हची नवी साउंड ब्लास्टर आणि असुसची झोनार ही मुख्यतः ऐकण्याची कार्डं. साउंड ब्लास्टर एई-९ बरोबर मात्र टेबलावर ठेवायची एक डबी येते, तिला एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांचा, माइकचा जॅक आणि ४८ व्होल्ट आहे. एका गळ्यासाठी ते चालेल, पण तेवढ्याच पैशांत मिळणारा यूएसबी इंटरफेस रेकॉर्डिंगला जास्त उपयोगाचा.

वापरलेलं कार्ड घेताना

ज्या कार्डांचे जॅक बाहेरच्या डबीवर असतात, त्यांची ती डबी आणि जोडणारी जाड केबल बरोबर आहे का, हे पहिलं विचारा. ती केबल वेगळी मिळत नाही आणि तिच्याशिवाय कार्ड मुकं. कार्डावरच्या छोट्या उभ्या डब्यांची, म्हणजे कपॅसिटरची, डोकी फुगलेली असतील तर घेऊ नका. जॅकमध्ये पिन घालून हलकेच हलवा. खरखर येत असेल तर झाळ सुटलेली आहे. सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या असतील तर घाबरायचं कारण नाही, शाळेतल्या साध्या पांढऱ्या खोडरबराने पुसल्या की चकचकीत होतात. शक्य असेल तर चालत्या मशीनवर, प्रत्येक इनपुटला एकदा आवाज देऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बसवणं आणि अर्थिंग

मशीन बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून आतली उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, मगच कार्ड कडेला धरून काढा. ग्राफिक्स कार्डापासून जितक्या लांबचा स्लॉट मिळेल तितका बरा. दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन बसवा आणि स्क्रू नक्की लावा. तो नसला तर वायरींच्या ओढीने कार्ड तिरकं होतं.

मदरबोर्डचं जुनं साउंड बंद करायची गरज नाही. उलट त्याचा चांगला उपयोग आहे: विंडोजचे सगळे आवाज त्याच्यावर ठेवा आणि नवं कार्ड फक्त रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला द्या. मग कुणाचा मेसेज आल्याची 'टिंग' आलापाच्या मधोमध हेडफोनमध्ये वाजत नाही.

जोडल्यावर घुमणारा 'हंऽऽ' ऐकू आला, तर तो आपल्या विजेचा ५० हर्ट्झचा सूर आहे. कॉम्प्युटर, मिक्सर आणि स्पीकर वेगवेगळ्या भिंतींवरच्या प्लगांत असले की अर्थिंगच्या वाटांमध्ये चक्र तयार होतं. तिन्ही एकाच बोर्डावर आणा, बऱ्याचदा तेवढ्याने थांबतं. नाही थांबलं तर मिक्सर आणि कार्डाच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तारांचा थेट संबंध तोडून फक्त सिग्नल पुढे देणारी डबी, लावा. काही जण प्लगची वरची जाड पिन काढून टाकतात, हंऽऽ जातोही. पण ती अर्थिंगची पिन आहे, आणि गाणारीचे ओठ माइकच्या लोखंडी जाळीला लागत असतात. हे कधीही करू नका, दुसऱ्याला करू देऊ नका. घराच्या अर्थिंगची शंका असेल तर वायरमनला बोलवा.

पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधी

माझ्या पहिल्या खऱ्या कार्डावर मी आधी तीन चाचण्या केल्या, तुम्हीही करा. पहिली, पायरी १ मधलं शांततेचं एक मिनिट पुन्हा घ्या आणि जुन्याशेजारी ठेवून ऐका. माउस मुद्दाम गोल-गोल फिरवा.

दुसरी, बफर १२८ वर ठेवून एक तास सलग रेकॉर्डिंग चालू ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका ट्रॅकचे तासाला सुमारे ५२० एमबी होतात, चार ट्रॅकचे २ जीबीच्या जरा वर, तेवढी जागा डिस्कवर असू द्या. 'टक्‌' आलं तर आधी वायफाय बंद करून बघा, विंडोजची पॉवर सेटिंग 'हाय परफॉर्मन्स' वर न्या. तरीही आलं तर बफर २५६ करा.

तिसरी चाचणी फार थोडे लोक करतात, आणि ट्रॅकवर ट्रॅक चढवणाऱ्यांना तिच्याशिवाय गत्यंतर नाही. कार्डाच्या आउटपुटमधून एक वायर काढून त्याच कार्डाच्या इनपुटला लावा. हे करताना डायरेक्ट मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर आवाज गोल फिरून शिट्टी घालेल. सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकवर 'टिक' असा एकच ठोका ठेवा, तो वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. मग दोन्ही ठोके पडद्यावर मोठे करून एकाखाली एक बघा. दुसरा काही सॅम्पल उशिरा पडलेला दिसेल. ते मोजा आणि सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमधल्या 'ऑफसेट' च्या चौकटीत टाका. मी वापरतो त्या रीपरमध्ये ती ऑडिओच्या सेटिंगमध्येच आहे, आणि रीपर पैसे भरण्याआधी ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. माझ्याकडे ७१ सॅम्पल आले, म्हणजे दीड मिलिसेकंद. ते टाकले, पुन्हा ठोका घेतला, दोन्ही रेघा एकाखाली एक आल्या. मग वायर काढली, मिक्सरची पिन इनपुटला लावली, गेन असा ठेवला की साध्या गाण्यात मीटर उणे १८ च्या आसपास आणि तार सप्तकातही उणे ६ च्या आत राहील, आणि बहिणीला हाक मारली.